चालत्या मोटारसायकलची पॉवर का जाते? कपलर आणि कनेक्टरच्या दोषांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारसायकल चालता चालता मान टाकते, दहा मिनिटांनी काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाण्यासारखी वागते. असं झालं की बॅटरी, रेग्युलेटर, कॉइल, प्लग असं एकेक बदलत जायची पाळी येते. त्या सगळ्याच्या मध्ये बसलेला दोन इंचांचा प्लास्टिकचा कपलर, म्हणजे वायरींची टोकं आतल्या धातूच्या पिनांनी जोडणारा जोड, मात्र कुणी उघडून बघत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

इंजिन तर पेट्रोलवर चालतं. मग वायरीच्या जोडामुळे त्याची ताकद कशी कमी होईल?

पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर पेट्रोल टाकीतून ओढून इंजेक्टरपर्यंत दाबाने पोचवण्याचं कामही विजेचंच. जोड खराब झाला की त्याचा रोध वाढतो आणि पुढच्या यंत्राला हक्काचे व्होल्ट मिळत नाहीत.

हिशोब सोपा आहे. समजा एखाद्या पिनवर ०.२ ओहम रोध तयार झाला. एवढासा रोध साध्या मीटरवर नीट दिसतही नाही. टाकीतून पेट्रोल ढकलणारा पंप ५ अँपियर ओढत असेल तर त्या पिनवरच १ व्होल्ट पडतो. पंप मंद फिरतो, दाब उतरतो. हळू चालवताना हे जाणवत नाही, पण थ्रॉटल पूर्ण उघडला की पेट्रोल अपुरं पडतं आणि गाडी ओढायची थांबते. इग्निशन कॉइलचंही तसंच. कमी व्होल्टवर तिच्यात ऊर्जा कमी साठते आणि ठिणगी अशक्त होते. रिकाम्या इंजिनला ती पुरते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की पुरत नाही, आणि गाडी मिसिंग करू लागते.

इंजेक्टरची गंमत वेगळी आहे. व्होल्ट कमी असले की इंजेक्टर उघडायला उशीर होतो हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, माहीत असतं आणि तो उघडण्याचा वेळ वाढवून ते भरून काढतो. पण ईसीयू व्होल्ट मोजतो ते स्वतःच्या पिनवर. रोध इंजेक्टरच्या कपलरमध्ये असेल तर ईसीयूच्या लेखी सगळं आलबेल असतं, आणि पेट्रोल मात्र कमीच पडत राहतं. अशा गाडीत चेक लाइट (मीटरवरचा इंजिनच्या दोषाचा दिवा) लागत नाही, ईसीयूत दोषाचा कोड सापडत नाही, आणि चालवणारा म्हणतो, ‘काहीतरी कमी आहे.’ त्याच्यावर विश्वास ठेवावा.

लक्षणांवरून दोष कुठे आहे ते सांगता येतं का?

पुष्कळदा येतं. त्यासाठी गाडी बंद पडतानाची ती दोन-तीन सेकंदं नीट आठवावी लागतात.

मीटर, दिवे, हॉर्न सगळं एकाच क्षणी गेलं आणि धक्का बसल्यावर परत आलं, तर मुख्य मार्ग तपासा : बॅटरीचे दोन्ही बोल्ट, मुख्य फ्यूजचा होल्डर, स्टार्टर रिलेवरचा (रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कपलर, चावीच्या स्विचचा कपलर. मी सुरुवात नेहमी बॅटरीच्या बोल्टपासून करतो. तो हाताने हलला तर पुढची सगळी शोधाशोध वाचते.

इंजिन गेलं पण दिवे, हॉर्न तसेच राहिले, तर किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, पंपाचा रिले किंवा पिकअप कॉइलचा (ठिणगीची वेळ कळवणारी) कपलर बघा. हँडल वळवल्यावरच गाडी दगा देत असेल तर शोध हँडलच्या मानेपाशी घ्या. वायरींचा जुडगा तिथे प्रत्येक वळणाला दुमडतो. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि कान इंजिनकडे ठेवा.

गाडी सुरुवातीला छान चालते, तासाभराने हेडलाइट पिवळट होतो, मग इंडिकेटर मंदावतात, मग इंजिन अडखळून बंद पडतं आणि सेल्फ नुसता कटकट करतो, हे चित्र चार्जिंगचं. बॅटरी भरतच नसते, साठा संपेपर्यंत गाडी तिच्यावर चाललेली असते. पुढचा प्रश्न याच दोषाबद्दल आहे.

सगळ्यात जास्त त्रास कोणता कपलर देतो?

माझ्या अनुभवात स्टेटर आणि रेग्युलेटर यांच्या मधला. स्टेटर म्हणजे इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल, मेकॅनिक तिला मॅग्नेट कॉइल म्हणतात; रेग्युलेटर ती वीज बॅटरीला योग्य व्होल्टवर देतो. तिच्यातून एकाच रंगाच्या तीन वायरी निघतात, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या, आणि त्या तीन पिनांच्या कपलरमधून रेग्युलेटरला जातात.

हाच कपलर का जळतो? कारण पुष्कळ गाड्यांमध्ये शंट जातीचा रेग्युलेटर असतो. तो जास्तीची वीज स्टेटरवरच शॉर्ट करून जिरवतो. दिवे लावा की बंद ठेवा, त्या तीन वायरींतून जवळपास पूर्ण करंट सतत फिरत राहतो. त्या पिनांना विश्रांती नाही. आता मघाचा तोच ०.२ ओहम इथे ठेवा. १५ अँपियर करंट असेल तर पिनवर ३ व्होल्ट पडतात आणि ४५ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे जवळजवळ दोन इस्त्र्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडल्या. तापलेल्या पिनची स्प्रिंग सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की ती अजून तापते. एकदा सुरू झालेलं हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत थांबत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत आधी नवी बॅटरी आली, मग नवा रेग्युलेटर आला, आणि नवी बॅटरीही तिसऱ्या आठवड्यात उतरली. शेवटी सीट काढून, साइड पॅनल काढून मी तो कपलर हातात घेतला. बाहेरून पांढरा स्वच्छ होता. उलटा केला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन खाली ओघळलं होतं. दोन महिने मी ज्या वस्तू बदलत होतो त्यांचा काहीच दोष नव्हता. तेव्हापासून कुणीही चार्जिंगची तक्रार घेऊन आलं की मी आधी हा कपलर उघडायला लावतो.

मीटरची बीप वाजते. म्हणजे जोड चांगला आहे ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. बीपसाठी मीटर अगदी नगण्य करंट सोडतं. तांब्याच्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप वाजेल. पिनेवर काळा थर असून एका टोकाला ती जेमतेम टेकलेली असली तरी वाजेल. मार्ग पूर्णपणे तुटलेला नाही, एवढंच ती बीप सांगते. त्या मार्गावरून १० अँपियर गेल्यावर काय होईल हे ती सांगू शकत नाही.

जोड तपासायचा तर त्यातून खरा करंट वाहत असताना तपासायचा.

तो कसा तपासायचा?

याला व्होल्टेज ड्रॉप मोजणं म्हणतात. साधं डिजिटल मीटर पुरतं. कपलर सोडायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक कपलरच्या अलीकडे, दुसरं त्याच वायरीवर कपलरच्या पलीकडे, दोन्ही मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून पिनेला टेकवा. जाड सुई पुढून खुपसू नका, त्याने मादी पिन (जिच्यात समोरची नर पिन शिरते ती) फाकते आणि नसलेला दोष तयार होतो. आता ज्या यंत्राकडे ती वायर जाते ते चालू करा : हेडलाइट, पंप, सेल्फ, जे असेल ते.

जोड निरोगी असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहतं. मी एका कपलरला ०.१ व्होल्टपर्यंत सूट देतो, ०.२ च्या वर गेला की उघडतो. बॅटरीच्या प्लसपासून यंत्रापर्यंतच्या सगळ्या मार्गात मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये. आकडा स्थिर नसून कपलर हलवल्यावर नाचत असेल, तर तो लहान असला तरी दोष सापडला असं समजा.

अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत येतो ती बाजू विसरू नका. बॅटरीच्या मायनसवर एक टोक आणि इंजिनच्या स्वच्छ धातूवर दुसरं, आणि सेल्फ मारा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची केबल, तिचा लग (टोकाची धातूची कडी) किंवा चेसिसवर जिथे ती कसली आहे तिथला रंग-गंज बघा. एका सैल अर्थमुळे दिवे, सेन्सर, पंप सगळ्यांची एकदमच तक्रार येते, आणि ती भुताटकीसारखी वाटते.

स्टेटरच्या तीन वायरींत एसी असते, तिथे मीटर एसीवर ठेवून हीच पद्धत वापरा. इंजिन चालू असताना तिथे हात जपून न्या. वेगात तो कपलर सोडला तर उघड्या पिनांवर अनेक गाड्यांत ५० व्होल्टच्या पुढेही दाब असतो.

चार्जिंग ठीक आहे हे कोणत्या आकड्यांवरून ओळखायचं?

बॅटरी लेड-ॲसिड जातीची, रात्रभर गाडी उभी : १२.६ ते १२.८ व्होल्ट. सेल्फ मारताना ९.५ च्या खाली जाऊ नये. इंजिन साधारण ४,००० ते ५,००० आरपीएमवर, हेडलाइट चालू : १३.८ ते १४.५ च्या आसपास. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरबरोबरच त्याची अर्थ आणि सेन्सिंगची (त्याला बॅटरीचे व्होल्ट कळवणारी) वायरही बघा.

चार्जिंग कमी निघाली तर इंजिन बंद करून स्टेटरचा कपलर सोडा. तीन वायरींच्या तीन जोड्यांमधला रोध सारखा यायला हवा, बहुधा तो १ ओहमपेक्षा कमी असतो. कोणत्याही वायरीचा इंजिनच्या बॉडीशी संबंध दिसता कामा नये. मग इंजिन चालू करून तिन्ही जोड्यांचं एसी व्होल्टेज बघा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. तिन्ही एकमेकांशी आणि मॅन्युअलशी जुळले आणि तरी बॅटरी भरत नाही, तर कॉइल निर्दोष आहे. पुढे कपलर, रेग्युलेटर आणि तिथून बॅटरीपर्यंतची वायर एवढंच उरतं.

चार्जिंग बघायला काही जण चालू गाडीत बॅटरीची वायर काढतात. तसं केलं तर चालेल?

अजिबात करू नका. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात उसळी घेतं आणि ईसीयू, मीटर, रेग्युलेटर यांच्यापैकी काहीही कायमचं जाऊ शकतं. बॅटरीचा बोल्ट सैल असणं धोक्याचं आहे तेही याच कारणाने.

कपलर उघडल्यावर नेमकं काय बघू?

आधी बॅटरीची मायनस वायर काढा. मग कपलरची कडी दाबून त्याच्या अंगाला धरून ओढा, वायरींना धरून ओढू नका.

प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी झालंय का, पिनेच्या तोंडाशी ते मऊ होऊन गोलावलंय का, ते उजेडात बघा. पिन निळसर-काळी असेल तर ती तापली होती. हिरवट-पांढरी भुकटी म्हणजे पाणी आणि तांबं यांचा संसार बराच काळ चाललाय. नुसता मंद करडा-काळा थर असेल तर तो बहुधा कंपनाचा. पिना एकमेकींवर केसाएवढ्या घासत राहतात आणि कथिलाच्या मुलाम्यावर ऑक्साइडची कठीण भुकटी साचते. असा कपलर सोडून परत लावला की घासला जाऊन थोडे दिवस बरा चालतो. ‘गॅरेजमध्ये नुसतं उघडून लावलं आणि गाडी सुधारली’ यामागे पुष्कळदा हेच असतं, आणि तो दोष परत येतो.

मग पिना एकेक करून पुढून बोटाने हलक्या दाबा. एखादी मागे सरकत असेल तर तिचं आतलं कुलूप, म्हणजे तो छोटासा उचललेला पत्रा, वाकला आहे. कपलर लावताना ती पिन मागे ढकलली जाते आणि बाहेरून सगळं घट्ट दिसतं. हा दोष मला सगळ्यात फसवा वाटतो.

शेवटी पकड तपासा. त्याच मापाची एक सुटी नर पिन घेऊन प्रत्येक मादी पिनेत घालून काढा. काढताना बोटाला अडकल्यासारखं वाटलं पाहिजे. सहज निसटली तर ती पिन म्हातारी झाली आहे.

साफ कशाने करायचं? पॉलिश पेपर चालेल का?

कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि बारीक नायलॉनचा ब्रश. फवारा, घासा, परत फवारा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने मुलामाच निघून जातो आणि खालचं उघडं पितळ महिन्याभरात काळं पडतं. जाड पितळी बुलेट पिन किंवा बॅटरीचा लग असेल तर हलका हात मारायला हरकत नाही. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे पाणी हटवायला त्या दिवसापुरता ठीक. तो कायमचा उपाय नाही, त्याच्यावर धूळ धरते.

सैल मादी पिन बारीक चिमट्याने किंचित आवळता येते, पण ती कधीही तापली नसेल तरच. तापलेल्या पिनेतली स्प्रिंग मेलेली असते. ती आवळली तरी आठवड्यात परत फाकते. अशी पिन बदलाच.

डायलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहू देत नाही म्हणतात. मग ते पिनांना लावून उलट बिघडणार नाही का?

शंका रास्त आहे. हे सिलिकोनचं ग्रीस खरोखरच वीज वाहून नेत नाही. पण पिना जिथे एकमेकींवर दाबून बसतात तिथून ते बाजूला सरकतं आणि धातूला धातू भिडतो. उरलेली पोकळी ते भरून टाकतं, पाण्याला जागा राहत नाही, आणि कंपनाची घासाघीसही कमी होते. स्वच्छ केलेल्या पिनेवर पातळ हात पुरतो. कपलरमध्ये लोणी भरल्यासारखं कोंबू नका, आणि घाणेरड्या पिनेवर तर मुळीच लावू नका, घाण आत कोंडली जाते.

जळलेला कपलर बदलू की तीन वायरी थेट जोडून टाकू?

मी कपलर बदलायच्या बाजूचा आहे. पाण्यापासून बंद होणारा, त्या करंटला पुरेल अशा क्षमतेचा कपलर घ्यावा. दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग चांगला दिसला तरी दोन्ही अर्धे आणि सगळ्या पिना नव्या घालाव्यात, कारण जळक्या नराशेजारी नवी मादी टिकत नाही.

थेट जोड हा चुकीचा उपाय नाही. स्टेटरच्या तीन वायरींत कोणती कुठे जोडली याने फरक पडत नाही, आणि नीट केलेला जोड स्वस्त कपलरपेक्षा जास्त टिकतो. अडचण एवढीच, पुढे रेग्युलेटर बदलताना वायरी कापाव्या लागतात, आणि दर वेळी त्या बोटभर आखूड होतात.

कोणताही मार्ग घ्या, वायर आधी चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा. तापलेल्या वायरीत आवरणाखाली तांबं काळं पडलेलं असतं. काळ्या तांब्यावर पिन दाबली तर नवा कपलरही जुन्याच्या वाटेने जातो.

सोल्डर चांगलं की क्रिम्प?

कंपन असलेल्या जागी क्रिम्प, म्हणजे पिन वायरीवर दाबून पक्की बसवणं, योग्य मापाच्या पिनेवर आणि खऱ्या क्रिम्पिंग टूलने. पक्कडीने चेपलेली पिन क्रिम्प होत नाही, नुसती चपटी होते. पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची तांब्यावर बसते आणि मागची आवरणावर. मागची जोडी सोडून दिली की सगळा ताण तांब्याच्या तारांवर येतो. सोल्डर केलं की कथिल तारांमधून आत चढतं आणि वायर तिथे काडीसारखी कडक होते. ती तुटते ते त्या कडक भागाच्या काठावर. सोल्डर करायचंच असेल तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि वायर जोडाच्या दोन्ही बाजूंना बांधून टाका, म्हणजे ती तिथे हलणार नाही.

चेक लाइट लागतो, सेन्सर बदलला, तरी परत लागतो. का?

सेन्सरच्या वायरींत करंट नगण्य असतो, म्हणून तिथे काही जळत नाही, पण व्होल्टची हेराफेरी होते. थ्रॉटल सेन्सरचा सगळा खेळ साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टमध्ये चालतो. त्यात ०.२ व्होल्टची चूकही ईसीयूला थ्रॉटल वेगळ्या जागी दाखवते. कोड ज्या सेन्सरचा आहे त्याचा कपलर आणि ईसीयूकडचा कपलर, दोन्ही टोकं बघा. ईसीयूच्या काही पिनांना सोन्याचा मुलामा असतो. तिथे कथिलाच्या मुलाम्याची पर्यायी पिन घालू नका, सोनं आणि कथिल यांची जोडी घासली की कथिल लवकर खराब होतं.

गाडी धुतल्यावर किंवा पावसातच त्रास होतो. काय करू?

प्रेशरचं पाणी सीटखाली, मानेपाशी आणि स्विचांवर थेट मारू नका. कपलरचं रबर सील जागेवर आहे ना बघा. वायर कपलरमध्ये वरून उतरत असेल तर खाली एक लहान वळसा ठेवून मग आत जाऊ द्या. पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, पिनेपर्यंत पोचत नाही.

जादा दिवे बसवल्यापासून हे सुरू झालं. संबंध आहे का?

बहुधा आहे. ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब लावला की १२ व्होल्टवर करंट साडेचारवरून सव्वाआठ अँपियरच्या पुढे जातो, आणि स्विच, वायर, कपलर मात्र जुन्याच हिशोबाचे असतात. शिवाय वायर न सोलता वरून दाबून बसवायचे ते प्लास्टिकचे टॅप पुष्कळदा मूळ वायरीच्या काही तारा कापतात. दिव्यांना बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले द्या, जुनी स्विचची वायर फक्त रिले चालवायला वापरा. स्टेटरची एकूण क्षमता मात्र रिलेने वाढत नाही, तो हिशोब आधी करा.

रस्त्यातच गाडी गेली. हाताशी काही नाही. कुठून सुरू करू?

गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्या. किल स्विच दोन-चारदा पुढेमागे करा, साइड स्टँड पूर्ण वर घ्या. चावी लावून हॉर्न वाजवून बघा. हॉर्न मेला असेल तर सीट काढून बॅटरीचे बोल्ट आवळा, मुख्य फ्यूज काढून बघून परत दाबा, स्टार्टर रिलेचा कपलर सोडून लावा. फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा दुसरा घाला, होल्डरच्या झाकणात बहुतेक वेळा एक जादा असतो. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळून गाडी चालवू नका, त्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंगचा जुडगा पेटतो.

चार्जिंग गेल्याची खात्री असेल तर गरज नसलेला प्रत्येक दिवा बंद करा आणि इंजिन बंद न करता जवळच्या सोयीच्या जागी पोचा. अंधारात मात्र हेडलाइट वाचवायला जाऊ नका, तिथे थांबणंच बरं.

दुरुस्ती खरंच झाली आहे हे कसं समजेल?

तोच व्होल्टेज ड्रॉप, त्याच जागी, त्याच लोडवर परत मोजा आणि आकडा आधीच्या शेजारी लिहून ठेवा. मग अर्धा तास चालवून या, इंजिन बंद करा आणि लगेच कपलरला बोट लावा, आधी हलकेच. आजूबाजूच्या वायरीइतकाच कोमट असेल तर ठीक. वायरीपेक्षा कपलर गरम लागला तर तिथे अजून रोध आहे, परत उघडा. हीच बोटाची तपासणी पाच-सहाशे किलोमीटरनंतर एकदा करा आणि पुढे दर सर्व्हिसिंगला.